अनिश्चित काळ आणि नगररचनेचा विचार : पेडगावच्या निमित्ताने

नगररचना म्हटली की मुंबई-पुण्याचे रुंद रस्ते, रंगीत नकाशे आणि आरक्षणे एवढेच सामान्यतः डोळ्यांसमोर येते. परभणी तालुक्यातील पेडगावसारख्या गावाचा या शास्त्राशी संबंध काय, असे एखाद्या पंचायत सदस्याने विचारले, तर तो प्रश्न गैर म्हणता येणार नाही. परंतु या गावाच्या अवतीभोवती सध्या काय घडत आहे ते पाहिले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप पालटते.

पेडगाव हे परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्थानक. एकोणिसावे शतक संपता संपता निजामाच्या राज्यात हा मार्ग टाकला गेला, विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो रुंद झाला, आणि २०२५ सालच्या जुलै महिन्यात छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या टप्प्याच्या दुहेरीकरणास केंद्र सरकारने मंजुरी दिली. समृद्धी महामार्गाला जोडणाऱ्या जालना-नांदेड द्रुतगती मार्गाची घोषणा २०२१ सालच्या राज्याच्या अर्थसंकल्पात झाली. तो परभणी जिल्ह्यातून जावयाचा आहे. परभणी नगरपालिकेची २०११ साली महानगरपालिका झाली. जायकवाडीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात येतो. पण त्याला पाणी किती येणार हे नाशिक-अहिल्यानगरकडील पावसावर आणि वरच्या धरणांवर अवलंबून. पावसाचे तर काही सांगूच नये. २०१६ साली शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षांच्या सप्टेंबरात मराठवाड्यातील शिवारे पाण्याखाली गेली.

यांपैकी प्रत्येक गोष्ट गावाचे रूप बदलू शकते, आणि यांपैकी एकही निर्णय गावाच्या हातात नाही. अशा वेळी दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, सगळे स्पष्ट होईपर्यंत थांबावे. दुसरे म्हणते, पुढील वीस वर्षांचा आराखडा आजच पक्का करून टाकावा. नगररचनेच्या विचाराचा खरा उपयोग या दोन्ही उत्तरांपासून आपल्याला वाचविण्यात आहे.

जाता जाता एक खुलासा. वेड पांघरून पेडगावला जाण्याची म्हण ज्या पेडगावाशी जोडली जाते ते श्रीगोंदे तालुक्यातील, भीमाकाठचे. परभणीचे हे पेडगाव नव्हे. तरीही अनिश्चिततेची सबब पुढे करून निर्णय टाळणाऱ्या कोणत्याही कार्यालयाला ती म्हण लागू पडावी.

शास्त्राचा आत्मविश्वास

आपल्या राज्यात आधुनिक नगररचनेचा जन्मच मुळी एका संकटातून झाला. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८९८ साली, मुंबई सुधार न्यासाची स्थापना झाली. दाट वस्ती, कोंदट हवा आणि घाण यांतून प्लेग उद्भवतो, अशी त्या वेळच्या अनेक जाणत्यांची समजूत होती. तिला धरून न्यासाने चाळी पाडल्या आणि समुद्रावरचा वारा आत यावा म्हणून रुंद रस्ते काढले. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी त्याच १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले होते. परंतु ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. तोपर्यंत पाडलेल्या चाळींतील माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथील गर्दी वाढली. याच न्यासाने दादर-माटुंग्याकडे मोकळ्या जमिनीवर आखलेले रस्ते आणि भूखंड मात्र पुढे उपयोगी पडले आणि आजही पडतात. म्हणजे रोगाविषयीचा अंदाज चुकला, तरी आधीच आखून ठेवलेली जागा वाया गेली नाही. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मोठ्या पाडापाडीला विरोध करणारा एक विचारवंत पुढे याच मुंबईत येऊन राहिला. पॅट्रिक गेडिस हे मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. १९१४ साली ते भारतात आले, अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले, आणि १९१९ पासून १९२४ पर्यंत ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. आधी पाहणी, मग निदान, मग उपचार हा त्यांचा क्रम. वैद्याने नाडी न पाहता शस्त्र उचलू नये, इतकी ही साधी गोष्ट. गल्लीतील एखादे पडके घर काढून तेथे चार झाडांचे मोकळे आवार करावे, विहीर दुरुस्त करावी, पण वस्ती उखडू नये, असा त्यांचा आग्रह असे. होळकरांच्या इंदूर संस्थानाचा त्यांचा अहवाल १९१८ सालचा आहे. त्या काळात तेथे प्लेगची भीती होती. गेडिस यांनी दिवाळीची मिरवणूक काढविली, आणि ज्या रस्त्यांवरील लोक आपली घरे व अंगणे सर्वांत स्वच्छ ठेवतील त्या रस्त्यांवरून ती जाईल असे जाहीर केले, ही हकिकत त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. लोकांनी शहर झाडून काढले. उंदीर कोठून येतात याचा हिशेब मांडीत बसण्यापेक्षा हा मार्ग शहाणपणाचा ठरला, कारण अंदाज चुकला असता तरी स्वच्छतेने कोणाचे नुकसान होणार नव्हते.

अज्ञान एकाच जातीचे नसते

स्वातंत्र्यानंतर नियोजनाचे जे स्वरूप आपल्याकडे रूढ झाले त्यात भविष्य मोजता येते हे गृहीत धरलेले होते. १९६६ सालच्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखालील विकास योजना साधारणपणे वीस वर्षांचा काळ डोळ्यांसमोर ठेवून आखली जाते. लोकसंख्या किती होईल याचा अंदाज बांधावयाचा, त्यावरून शाळा, दवाखाने, क्रीडांगणे यांसाठी जागा राखावयाच्या. त्याच कायद्यात अशीही तरतूद आहे की राखीव जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरावीक मुदतीत पुढील कार्यवाही न झाल्यास ते आरक्षण व्यपगत होते. व्यवहारात किती क्रीडांगणे अशी कागदावरच राहिली हे नगरपालिकांत काम केलेल्यांना सांगावयास नको.

इतर देशांतही याच सुमारास हा विश्वास डळमळू लागला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठातील रिटेल आणि वेबर या दोन प्राध्यापकांनी १९७३ साली असे मांडले की, गणितातील प्रश्नासारखे नियोजनाचे प्रश्न सुटत नाहीत. ते सोडविताना प्रश्नच बदलतो, आणि प्रयोग म्हणून बांधलेला रस्ता नंतर पुसून टाकता येत नाही. हा निदानाचा भाग झाला. उपचाराच्या दृष्टीने अधिक उपयोगी विचार त्याआधी चार वर्षे, १९६९ साली, इंग्लंडमधील कोव्हेंट्री शहराच्या नगरपरिषदेचा कारभार जवळून पाहून फ्रेंड आणि जेसप या दोघांनी मांडला होता. आपल्या जिल्हा परिषदांच्या सभांनाही तो चपखल लागू पडतो.

निर्णय घेणाऱ्यांना अडविणाऱ्या शंका तीन निरनिराळ्या जातींच्या असतात, असे त्यांनी दाखविले. पहिली शंका परिस्थितीविषयीची : ओढ्याला किती पाणी येते, किती कुटुंबे वाढतील. दुसरी इतरांच्या निर्णयांविषयीची : रेल्वे काय करणार, पाटबंधारे खाते काय करणार. तिसरी आपल्याच हेतूंविषयीची : आपल्याला नेमके काय हवे आहे, आणि दोन हव्याशा गोष्टींत टक्कर झाली तर कोणती सोडावी. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिलीला पाहणी हवी, दुसरीला भेटीगाठी आणि पत्रव्यवहार, तिसरीला चर्चा आणि कौल. आपल्या कचेऱ्यांत मात्र कोणत्याही शंकेवर ‘अधिक माहिती मागवावी’ हा एकच शेरा मारण्याची सवय आहे. गायरानात घरकुले बांधावीत की ते मोकळे ठेवावे, हा प्रश्न हेतूंचा आहे. त्यावर कितीही तक्ते भरले तरी उत्तर तक्त्यातून येणार नाही. ते ग्रामसभेतूनच यावे लागेल. उलट ओढ्याच्या पुराची उंची ग्रामसभेत हात वर करून ठरवावयाची नसते. ती मोजावी लागते.

किल्लारीनंतरचे दोन मार्ग

मराठवाड्याला या विषयाचा धडा सर्वांत कठोरपणे शिकविला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेने. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर आदी गावे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात कोसळली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. भारतीय मानकांच्या त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश भूकंपाचा धोका सर्वांत कमी असलेल्या पहिल्या क्षेत्रात मोडत होता. तो नकाशा उपलब्ध ज्ञानावर आधारलेला होता. ज्ञानच अपुरे होते. २००२ साली मानकांची फेररचना झाली तेव्हा पहिले क्षेत्र रद्दच करण्यात आले.

पुनर्वसनाचे काम राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने हाती घेतले. त्यात दोन मार्ग एकाच वेळी चालविले गेले, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने हे मोठेच भाग्य म्हटले पाहिजे, कारण एकाच आपत्तीत, एकाच शासनाने योजलेल्या दोन भिन्न पद्धतींची तुलना करण्याची संधी क्वचित मिळते.

पहिला मार्ग स्थलांतराचा. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे शासनाने, कंत्राटदारांनी आणि देशभरातून आलेल्या संस्थांनी बांधली. घराचे क्षेत्र कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले : भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून अधिक असल्यास ७५०. रस्ते सरळ, चौकोनी आखणीचे. गावे मूळ गावठाणापेक्षा कितीतरी पटींनी पसरट. या मार्गावर टीका करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. जुन्या जागी राहण्याची भीती लोकांनाच वाटत होती आणि स्थलांतराची मागणी गावांतूनही आली होती. तरी दोन-चार महिन्यांच्या घाईत जे ठरले ते पुढे बदलता येण्यासारखे नव्हते. भावकीच्या घरांभोवतीचे वाडे, गुरांची जागा, कडब्याची गंज, ओसरी यांना चौकोनी आखणीत स्थान नव्हते. लांबलेले रस्ते आणि पाण्याच्या नळवाहिन्या यांच्या देखभालीचा बोजा लहान ग्रामपंचायतींवर पडला. पुढे लोकांनी आपापल्या परीने पडव्या, गोठे, कुंपणे घालून ती घरे आपलीशी करून घेतली. भूखंड मोठे ठेवलेले होते म्हणून हे शक्य झाले. योजनेतील सर्वांत दूरदृष्टीचा भाग कोणता असे विचारले, तर माझे उत्तर पक्क्या घरांपेक्षा त्या रिकाम्या अंगणाकडे बोट दाखवील.

दुसरा मार्ग दुरुस्तीचा व बळकटीकरणाचा. कमी हानी झालेल्या गावांतील सुमारे दोन लाख घरांच्या मालकांना हप्त्याहप्त्याने साहाय्य देण्यात आले, सोबत अभियंत्यांचा सल्ला, आणि काम करवून घेण्याची जबाबदारी मालकाची. माळवदावरील मातीचा जड थर कमी करणे, दगडी भिंतीतून आरपार जाणारे सांधे घालणे, दारे-खिडक्यांवरून सलग पट्टा फिरविणे, अशी ही कामे होती. दगड-मातीचे घर म्हणजे मृत्यूचा सापळा, अशी धास्ती तेव्हा सर्वत्र पसरली होती. दोष दगडाचा कमी आणि बांधणीचा जास्त होता, हे मालकांना आपल्याच घरावर काम करताना उमगले. गावोगावच्या महिला मंडळांना या कामात मध्यस्थ म्हणून गोवण्यात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेचा वाटा मोठा होता. काही ठिकाणी पैसे खर्च होऊनही बळकटी नावापुरतीच झाली, हेही खरे. पण येथे एका घरातील चूक त्या घरापुरती राहत असे. आणि पुढचा हप्ता देण्यापूर्वी ती दिसत असे. पन्नास गावांच्या एकाच नमुन्यात शिरलेली चूक पन्नास ठिकाणी उभी राहते.

हा इतिहास परभणीला दूरचा वाटण्याचे कारण नाही. २०२४ सालच्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात ४.५ च्या आसपास तीव्रतेचे धक्के नोंदले गेले, आणि ते परभणी व नांदेड जिल्ह्यांतही जाणवले.

पांढरी, काळी आणि दुसरा रूळ

आता पुन्हा पेडगावकडे वळू. पुढील विवेचनात या गावाचे नाव उदाहरणादाखल घेतले आहे. मानवत रोड किंवा सेलूच्या परिसरातील गावांनाही ते लागू होईल.

आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले : घरांची पांढरी आणि पिकांची काळी. पांढरी सहसा उंचावर, निचऱ्याची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर साध्या पायाचे घर बांधले तर भिंतींना तडे जातात आणि रस्ता दोन पावसाळ्यांत दबतो. शहर जवळ आले, रस्ता किंवा रेल्वे वाढणार अशी कुणकुण लागली, की नवे भूखंड पडतात ते नेमके काळीत, रस्त्याच्या कडेला. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे, मधून बैलगाडी जेमतेम जाईल अशी वाट, सांडपाणी कोठे जाणार याचा पत्ता नाही. मराठवाड्यातील वाढत्या शहरांच्या कडेला अशा वस्त्या उभ्या आहेत. त्यांना नियमित करण्यासाठी राज्याला २००१ साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला, आणि २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवावी लागली. सगळे स्पष्ट होईपर्यंत थांबण्याची ही किंमत. आपण थांबलो म्हणून जमिनीचा व्यवहार थांबत नाही.

म्हणून आज काय पक्के करावे आणि काय मोकळे सोडावे, याची वाटणी केली पाहिजे. शेतातून जाणाऱ्या पाणंदीची रुंदी राखणे रान मोकळे आहे तोवर जवळजवळ फुकट असते. दोन्ही बाजूंना घरे झाल्यावर तेच काम लाखो रुपये देऊनही होत नाही. ओढ्याचे पात्र आणि त्याच्या दोन्ही काठांची पुराची जागा, मुख्य रस्त्यांच्या रेषा, स्मशानभूमीची आणि पाण्याच्या टाकीची जागा, गायरान, एवढे आजच निश्चित करावे. गायरानाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ सालच्या निकालानंतर राज्य शासनाचा १२ जुलै २०११ चा निर्णय आहेच. सार्वजनिक जमीन सहजासहजी वाटू नये हा त्याचा रोख. मोकळी जमीन ही अनिश्चित काळातील गावाची शिल्लक असते. भूकंप झाला तर तात्पुरते निवारे तेथेच उभे राहतात, चारा छावणी तेथेच भरते. इमारतींच्या वापराबाबत मात्र हटवादीपणा नसावा. २०२० साली करोनाच्या साथीत जिल्हा परिषदांच्या शाळा विलगीकरणासाठी उघडाव्या लागल्या. ज्या शाळेला पाणी, शौचालय आणि मोठा व्हरांडा होता तिने हे काम निभावले.

रेल्वेच्या दुसऱ्या रुळाकडे याच दृष्टीने पाहावे. नवा भराव पडेल, मोऱ्या वाढतील, फाटकांच्या जागी भुयारी मार्ग किंवा पूल सुचविले जातील. भुयारी मार्गात पावसाळ्यात पाणी तुंबते आणि पलीकडच्या शेतात जाणारी बैलगाडी, शाळेत जाणारी मुले अडकतात, ही अनेक गावांची तक्रार आहे. याचे कारण पुष्कळदा असे असते की पाणी कोणत्या बाजूने येते हे गावाला ठाऊक होते, पण ज्याने आराखडा काढला त्याला ते कोणी सांगितले नाही. येथे शंका दुसऱ्या जातीची आहे. रेल्वेचा निर्णय गावाच्या हातात नाही, पण रेल्वेला लागणारी माहिती गावाच्या हातात आहे. हीच गोष्ट महानगरपालिकेच्या आणि द्रुतगती मार्गाच्या बाबतीत. ग्रामीण व नागरी योजनांची सांगड घालण्यासाठी १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समित्यांची तरतूद केली आणि राज्याने १९९८ साली त्यासाठी कायदा केला. या समित्यांच्या बैठकांत निधीच्या वाटपाची चर्चा रंगते. कोणत्या खात्याचा कोणता निर्णय कोणत्या गावाला अडवून बसला आहे याची साधी यादी मात्र क्वचितच मांडली जाते. ती मांडली तर निम्म्या शंका पत्राने मिटतील.

पहिल्या जातीची शंका मिटविण्याचे काम शाळेपासून सुरू करता येईल. भूगोलाच्या तासाला मुलांनी शिवारफेरी करावी, ओढ्याच्या काठच्या घरांतील वडीलधाऱ्यांना विचारून गेल्या पुरात पाणी कोठवर आले होते त्याच्या खुणा घ्याव्यात, उन्हाळ्यात कोणत्या विहिरी आधी आटतात ते लिहावे. दगड-मातीची घरे किती, माळवदे किती, त्यांतील किती जणांच्या भिंतींना पोट आले आहे, हेही त्याच फेरीत नोंदता येईल. गावनकाशाच्या प्रतीवर हे सारे उतरविले की त्याची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि एक ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे राहावी. पुराची सर्वांत वरची खूण शाळेच्या भिंतीवर तेलरंगाने, सालासह, काढावी. दर पावसाळ्यानंतर ग्रामसभेपुढे नकाशा पुन्हा ठेवून जे चुकले ते खोडावे. दुसऱ्या रुळासाठी मोजणी करणारे पथक मोरी आणि फाटकाची जागा विचारीत येईल, तेव्हा ग्रामसभेच्या ठरावासोबत याच नकाशाची प्रत त्यांच्या हाती देऊन तिची पोच घ्यावी.